गप्प झालेली नियतकालिके : विद्यापीठांतील संशोधन, गुप्तता आणि परकीय डोळे

१/ १९४२ च्या आरंभी सोव्हिएत हवाई दलातील एक तरुण लेफ्टनंट व्होरोनेझ येथील विद्यापीठाच्या ग्रंथालयात अमेरिकी व ब्रिटिश विज्ञानपत्रिका चाळत बसला होता. त्याला हवे ते काहीच सापडले नाही. आणि नेमके त्यामुळेच त्याला फार मोठे गुपित उमगले. विद्यापीठांतील संशोधन परकीयांपासून राखण्याच्या एका मोठ्या प्रयत्नाची ही कथा. #धागा

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. डिसेंबर १९३८ मध्ये बर्लिनमध्ये ओटो हान व फ्रिट्झ श्ट्रासमान यांना युरेनियमच्या प्रयोगात बेरियम आढळले. नाझींच्या छळामुळे स्वीडनमध्ये आश्रय घेतलेल्या लीझे माइटनर व त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी त्याचा अर्थ लावला : अणुकेंद्रक दुभंगते. फेब्रुवारी १९३९ पर्यंत ही वार्ता छापून जगभर पोहोचली होती. भौतिकशास्त्र तेव्हा खुला बाजार होता. जो आधी छापेल, श्रेय त्याचे.

३/ या खुल्या बाजारात हिटलरही गिऱ्हाईक आहे, हे फार लवकर ओळखले ते लिओ झिलार्ड या हंगेरियन ज्यू शास्त्रज्ञाने. १९३३ मध्ये तो जर्मनीतून निसटला होता. त्याच वर्षी त्याला शृंखला अभिक्रियेची कल्पना सुचली. तिचे पेटंट गुप्त राहावे म्हणून १९३६ मध्ये त्याने ते ब्रिटिश नौदलाच्या स्वाधीन केले. तेव्हा विखंडनाचा शोधही लागलेला नव्हता!

४/ फेब्रुवारी १९३९ मध्ये झिलार्डने पॅरिसच्या फ्रेडरिक जोलिओ-क्यूरींना पत्र लिहून विनवले की, विखंडनात जादा न्यूट्रॉन बाहेर पडतात असे दिसल्यास ते छापू नये. मार्चमध्ये कोलंबिया विद्यापीठात त्याला स्वतःलाच ते दिसले. पॅरिसचा निर्णय मात्र नकाराचा होता : प्रस्ताव वाजवी, पण उशिरा आलेला. २२ एप्रिल रोजी ‘नेचर’मध्ये न्यूट्रॉनांची संख्याही प्रसिद्ध झाली.

५/ परिणाम काय झाला? दोनच दिवसांनी, २४ एप्रिल १९३९ रोजी, हॅम्बुर्ग विद्यापीठाचे पाउल हार्टेक आणि त्यांचे सहकारी विल्हेल्म ग्रोट यांनी जर्मन लष्कराला पत्र लिहून या नव्या स्फोटक शक्यतेकडे लक्ष वेधले. इथे कोणी कोणाचे काही चोरले नव्हते. सारे उघड छापलेले होते आणि वाचणाऱ्यांनी ते वाचले, एवढेच.

६/ १९४० मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञांनी स्वतःहून मौन पत्करले. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे ग्रेगरी ब्राइट यांच्या पुढाकाराने राष्ट्रीय संशोधन परिषदेची एक समिती विखंडनाविषयीचे निबंध छापण्यापूर्वी तपासू लागली. तरुण संशोधकाचे श्रेय बुडू नये म्हणून निबंध मिळाल्याची तारीख नोंदवून छपाई तेवढी रोखली जाई. अशा निबंधांपैकी कित्येक युद्धानंतर, १९४६ मध्ये, प्रकाशात आले.

७/ या मौनाचा लाभ झाला का? १९४० मध्ये एन्रिको फर्मी व झिलार्ड यांना आढळले की, न्यूट्रॉनांचा वेग मंदावण्यासाठी शुद्ध ग्रॅफाइट उपयोगी आहे. झिलार्डच्या आग्रहामुळे हे आकडे छापले गेले नाहीत. १९४१ मध्ये हायडेलबर्गच्या वाल्टर बोटे यांचे मोजमाप चुकले, त्यांनी ग्रॅफाइट निरुपयोगी ठरवले आणि जर्मन प्रकल्प जड पाण्यावर विसंबून राहिला. त्या प्रकल्पाच्या अपयशाचे हे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण निश्चित.

८/ आता पुन्हा व्होरोनेझला येऊ. तो लेफ्टनंट होता गिऑर्गी फ्लेरोव्ह. १९४० मध्ये त्याने पेत्र्झाक यांच्यासह युरेनियमच्या उत्स्फूर्त विखंडनाचा शोध लावला होता. परदेशातून त्यावर काय प्रतिक्रिया आली, हे तो शोधत होता. प्रतिक्रिया तर नव्हतीच; या विषयावर लिहिणारी मोठी नावेही पत्रिकांतून नाहीशी झाली होती. त्याने अनुमान काढले : ती माणसे बॉम्ब बनवीत आहेत. एप्रिल १९४२ मध्ये त्याने थेट स्टालिनला पत्र लिहिले.

९/ केवळ या पत्राने सोव्हिएत अणुप्रकल्प उभा राहिला, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. ब्रिटनमधील हेरांकडून १९४१ पासूनच मॉस्कोला माहिती मिळत होती. तरी फ्लेरोव्हचा धडा महत्त्वाचा आहे : अचानक उभारलेली भिंत आत काहीतरी मौल्यवान आहे हेच सांगते.

१०/ आता बर्मिंगहॅम विद्यापीठात जाऊ. तेथे रुडॉल्फ पाइअर्ल्स व ओटो फ्रिश हे दोघे निर्वासित होते. जर्मनीशी असलेल्या नात्यामुळे त्यांना रडारच्या गुप्त कामापासून दूर ठेवले होते. हाती उरलेल्या वेळात त्यांनी युरेनियमचे गणित मांडले. मार्च १९४० मधील त्यांच्या टिपणाने बॉम्ब व्यवहार्य असल्याचे ब्रिटनला दाखवून दिले. ज्यांच्यावर विश्वास नव्हता, त्यांनीच सर्वांत मोठे गुपित राष्ट्राच्या हाती दिले.

११/ पाइअर्ल्स यांना मदतनीस हवा होता. मे १९४१ मध्ये क्लाउस फुक्स हा आणखी एक जर्मन निर्वासित तेथे रुजू झाला. १९४२ मध्ये त्याला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले आणि १९४४ मध्ये तो लॉस अलामोसला पोहोचला. या काळात तो सोव्हिएत हेरखात्याला माहिती पुरवीत होता. २९ ऑगस्ट १९४९ रोजी सोव्हिएत अणुचाचणी झाली. १९५० मध्ये फुक्सने कबुली दिली आणि त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

१२/ तिघेही जर्मन भाषेत वाढलेले, तिघेही निर्वासित. दोघांनी आश्रयदात्या देशाचे ऋण फेडले, तिसऱ्याने विश्वास मोडला. जन्मस्थान पाहून हा भेद कोणाला आधी सांगता आला असता? फुक्सच्या प्रकरणाने निर्माण झालेल्या भयाने मात्र हा प्रश्न विचारलाच नाही.

१३/ १९५० मध्येच कॅलिफोर्नियातील कॅलटेक येथील छ्यान श्वेसन यांची गुप्त कामाची परवानगी काढून घेण्यात आली. अमेरिकी अग्निबाणशास्त्राच्या पायाभरणीत त्यांचा वाटा होता आणि युद्धकाळात त्यांनी अमेरिकेची सेवा केली होती. कम्युनिस्ट असल्याच्या आरोपावरून त्यांना काही दिवस कोठडीत आणि पुढे पाच वर्षे निर्बंधांत ठेवले. हेरगिरी मात्र सिद्ध झाली नाही. १९५५ मध्ये ते चीनला परतले आणि तेथील क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे शिल्पकार झाले. कागद जपण्याच्या नादात अमेरिकेने माणूसच हातचा घालवला.

१४/ पुढे अमेरिकेने काही धडा घेतला. १९८२ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने सुचवले की, बंधने मोजक्या क्षेत्रांपुरती असावीत. १९८५ मध्ये रेगन प्रशासनाने धोरण जाहीर केले : मूलभूत संशोधन शक्य तेवढे खुले राहावे, जे राष्ट्रहितासाठी झाकायचे, ते रीतसर गुप्त घोषित करावे. पण भय परत येते. २०१८ मध्ये सुरू झालेली ‘चायना इनिशिएटिव्ह’ ही मोहीम चिनी वंशाच्या प्राध्यापकांवर संशयाची छाया पडल्याच्या टीकेनंतर २०२२ मध्ये गुंडाळावी लागली.

१५/ तात्पर्य एवढेच. झिलार्डची भीती खोटी नव्हती आणि फुक्सही काल्पनिक नव्हता; ज्ञानाची चोरी होते, तिच्यापासून संरक्षण हवेच. परंतु १९४० ची ती व्यवस्था टिकली, कारण काय झाकायचे ते नेमके ठरलेले होते, ते शास्त्रज्ञांनीच ठरवले होते आणि संशोधकाचे श्रेय सुरक्षित होते. १९५० ची व्यवस्था आडनावे आणि ओळखीपाळखी तपासत बसली. विद्यापीठाला कुलूप लावायचेच असेल, तर ते कपाटाला लावावे. दाराला लावले की बाहेर राहणाऱ्यांत उद्याचा पाइअर्ल्सही असतो.

(समाप्त)