तीन मिनिटांची तबकडी

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे! तासभर फुलणारा राग तेवढ्यात मावावा कसा? कित्येक गवई त्या भोंग्यापासून दूरच राहिले.

पण गदगच्या एका मुलाने अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडले. पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व त्याला गुरू लाभले. हेच पंडित भीमसेन जोशी. १९५३ पासून त्यांनी गुरूंच्या स्मरणार्थ पुण्यात संगीत महोत्सव भरवला.

तबकडीने तहान लावली. ती भागली गुरूपाशी. तेव्हा वाचकहो, घरी यंत्रावर गाणे जरूर ऐका. पण मुलांना एकदा मैफलीलाही न्या. श्रोत्यांच्या ‘वाहवा’ने गवई खुलतो, तो तिथेच!