पुढचं शीड केवढं?

१९६४च्या डिसेंबरात मुंबईत ३२ फुटी सागवानी नौका पाण्यात उतरली, तीही शॅम्पेनची बाटली नव्हे, नारळ फोडून. तासणीने लाकूड तासणाऱ्या इथल्याच सुतारांनी ती घडवली होती. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन व्यापारी जहाजावरचा २५ वर्षांचा अधिकारी. त्याला हवा होता एक आराखडा, टपालाने आला भलताच. जुन्या वळणाचा, जाडजूड. त्याने तोच बांधून घेतला आणि नाव ठेवलं 'सुहैली', अरब खलाशी एका वाऱ्याला देतात ते नाव. याच नौकेतून १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ असे ३१२ दिवस तो एकटा, कुठेही न थांबता, पृथ्वीला फेरी घालून आला. असं करणारा तो पहिला माणूस.

सुहैलीच्या नाळेपुढे, म्हणजे पुढच्या टोकापुढे, एक लांब दांडी निघते. या दांडीमुळे पुढे एका मोठ्या शिडाऐवजी दोन छोटी शिडं लावता येतात. एकच मोठं शीड मंद वाऱ्यात जास्त ओढतं, हे खरं. पण वारा चढला, पाणी डेकवरून वाहू लागलं की तेच शीड उतरवायला एकटा माणूस पुरत नाही. दोन असली तर एक काढावं, दुसऱ्यावर चालावं. ऑस्ट्रेलियाच्या आसपास सुहैलीचं आपोआप सुकाणू धरणारं यंत्र मोडलं. तेव्हा पुढची-मागची शिडं अशी जुळवली गेली की नौका बरीचशी स्वतःच वाट धरून राहिली. एकाच अवजड शिडावर ही तडजोड इतकी सहज जमली नसती.

पुढे केवढं कापड उभारायचं, हा प्रश्न या किनाऱ्याला नवा नव्हता. इतिहासकार रॉबर्ट ऑर्मने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या आरमाराचं वर्णन लिहून ठेवलं आहे. गुराबा रुंद, उथळ. तीन डोलांच्या असतील तर ३०० टनांच्या घरातल्या, दोन डोलांच्या १५० टनांपर्यंत. गलबतं लहान, सहसा ७० टनांच्या आतली. त्यांना दोन डोल, पण मागचा अगदी किरकोळ. मुख्य डोलावर एकच तिकोनी शीड, आणि ते इतकं मोठं की उभारल्यावर त्याचं टोक डोलाच्याही बरंच वर जाई. एवढं कापड या लहान होडीला झेपे कसं? उत्तर त्याच वर्णनात आहे. गलबतावर ४०-५० वल्ही असत, आणि वल्ही मारायला तेवढी माणसंही. वारा पडला तर वल्ही, वारा वाढला तर शीड खाली ओढायला हवे तेवढे हात.

तिरप्या परबाणाच्या, म्हणजे शीड ज्यावर बांधतात त्या वाशाच्या, शिडाची खोड अशी की ते गुंडाळून लहान करणं अवघड. त्यामुळे अरबी समुद्रातल्या मोठ्या जहाजांवर एकाहून जास्त शिडं ठेवत. वारा जोर धरू लागला की परबाण खाली घ्यायचं, मोठं शीड सोडायचं, धाकटं बांधायचं आणि पुन्हा वर. दर्यावर्दी लेखक अॅलन व्हिलियर्स १९३८-३९ मध्ये कुवेतच्या 'बयान' या जहाजावरून फिरला, तेव्हाही ही पद्धत चालू होती. शिडाचं माप तिथे हंगामाशी आणि माणसांच्या संख्येशी बांधलेलं होतं. नौकेच्या लांबीचा मान त्यानंतरचा.

शिडांच्या शब्दांतही देशोदेशीच्या खलाशांची सरमिसळ दिसते. लस्करी, म्हणजे खलाशांच्या, बोलीत पुढच्या डोलाचं शीड 'तिरकट', वरचं शीड 'गावी'. दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले, आणि थॉमस रोबकच्या १८११च्या नौकानयन-कोशात नोंदलेले. कापडाचा प्रवास मात्र उलटा झाला. 'डोंगरी' नावाचं जाडंभरडं सुती कापड तंबू आणि शिडांसाठी वापरत. तेच इंग्रजीत 'डंगरी' झालं आणि पुढे कामगारांच्या अंगावर चढलं.

आता आकडे. १९२६ मध्ये स्वीडनच्या स्वेन सालेनने इटलीतल्या जेनोआच्या शर्यतीत डोलकाठीच्या मागे जाईल इतकं लांब पुढचं शीड लावलं, आणि त्या शिडाला बंदराचंच नाव चिकटलं. पुढे अशी शिडं टक्क्यांत मोजायची रीत पडली. डोलकाठीच्या बुंध्यापासून नाळेवरच्या ताणदोरापर्यंतचं अंतर ४ मीटर धरा. शिडाच्या मागच्या खालच्या कोपऱ्यातून त्या ताणदोरावर टाकलेला लंब ४ मीटर भरला तर शीड १०० टक्के. ६ मीटर भरला तर १५० टक्के. साडेचार मीटरच्या आतला ११० टक्क्यांचा तुकडा म्हणजे रोजच्या कामाचं शीड.

१५० टक्क्यांचा मोह समजण्यासारखा आहे. दुपारपर्यंत मलूल पडलेल्या समुद्रात तेच नौका हलवतं. शिवाय हल्ली ताणदोराभोवती शीड गुंडाळायची सोय असते, मग मोठं घेऊन हवं तेवढंच उघडावं, असा हिशेब. हिशेब अर्धाच खरा ठरतो. एक तृतीयांश गुंडाळलं की पुढे जाड गुंडाळी, मागे फुगलेलं पोट. अशा शिडावर वाऱ्याच्या तोंडावर चढणं म्हणजे ओढाताण. मुंबई ते गोवा नोव्हेंबर ते मार्चमध्ये जाणाऱ्याला हे लवकर कळतं. पहाटेच्या मतलई वाऱ्यात मोठं शीड हवंसं वाटतं. दुपारी वायव्येचा खारा वारा पाठीशी आला की मग मजाच. पण परतीला तोच वारा नाकासमोर येतो, आणि जाताना ज्याचं कौतुक झालं ते शीड शिव्या खातं. निम्मा प्रवास उलट्या वाऱ्यात करायचा असेल तर १२०-१३० टक्क्यांच्या आसपासचं, मजबूत कापडाचं शीड सोयीचं. ज्याला नुसतं पश्चिमेचा सूर्यास्त पाहत दक्षिणेला उतरायचं आहे, त्याने हवं तर मोठं घ्यावं.

शीड ओढायला किती हात आहेत, हा प्रश्न लांबच्या सफरीत आणखी मोठा होतो. फलटणजवळच्या विंचुर्णीत राहत असलेले व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी भारतीय माणसाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला, तेव्हा नौका गोव्यातच बांधली गेली. दिवाडीच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकरांनी ५६ फुटी 'म्हादेई' उभी केली. कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरं घेत १९ मे २०१०ला परतले. पुढे अभिलाष टॉमी त्याच नौकेतून न थांबता गेले.

म्हादेईची धाकटी बहीण 'तारिणी'. तिची डोलकाठी २५ मीटर. मुख्य शीड, पुढची शिडं, पाठीवरच्या वाऱ्याची शिडं आणि वादळी शीड मिळून सहा. १० सप्टेंबर २०१७ला गोव्यातून निघालेल्या फेरीत तिच्यावर नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. २ ऑक्टोबर २०२४ला ती पुन्हा निघाली, तेव्हा नौका तीच, डोलकाठी तेवढीच उंच, पण शिडं चढवायला आणि उतरवायला दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच होत्या. २९ मे २०२५ला त्या गोव्यात परतल्या.