पाऊण सेकंदाचे विकर

नागपूरजवळच्या खापरखेड्याच्या चौकात सोड्याची बाटली फोडली की पहिल्या घोटाला आंबूस चव लागते. ती करामत बुडबुड्यांची नाही. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक अनहायड्रेज नावाचे विकर असते. ते सोड्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे क्षणात आम्ल करते आणि जीभ ते चाखते. चार्ल्स झुकर यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदरांवर हे दाखवले. हिमालयात चढताना डायमॉक्सची गोळी घेणाऱ्यांना सोडा मिळमिळीत लागतो, कारण ती गोळी याच विकराला अडवते.

या विकराचा माग लागला तो एका न जुळणाऱ्या हिशेबातून. पेशींत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड बहुतांशी बायकार्बोनेट होऊन रक्तातून वाहतो आणि फुप्फुसात पुन्हा वायू होऊन बाहेर पडतो. पण फुप्फुसाच्या केशवाहिन्यांत रक्त थांबते जेमतेम पाऊण सेकंद. आपणहून एवढ्या वेळात वायू सुटणे शक्यच नव्हते. १९२८ मध्ये हेन्रिकेस यांनी मोजून दाखवले की तांबड्या पेशींतले द्रव्य मिसळले की तो भलताच लवकर सुटतो. केंब्रिजच्या मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी बैलाच्या रक्तातून ते द्रव्य वेगळे काढले. त्यांचा सविस्तर निबंध १९३३ चा. पुढे कायलिन आणि मान यांना त्यात जस्त सापडले. माणसाच्या रक्तातला त्याचा सर्वांत चपळ प्रकार सेकंदाला सुमारे दहा लाख रेणू हातावेगळे करतो.

एकच अभिक्रिया रक्तात एका दिशेने आणि फुप्फुसात उलट जाते. हे कोडे उलगडणाऱ्यांच्या कुळाचा मूळपुरुष मला वाटतो तो फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले. नेपोलियनबरोबर १७९८ मध्ये तो इजिप्तला गेला आणि नॅट्रॉनच्या तळ्यांकाठी त्याने धुण्याच्या सोड्याचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइडपासून मीठ आणि चुनखडी मिळते. इथे मीठ आणि चुनखडीचाच सोडा झाला होता, कारण दोन्ही अमाप होती. अभिक्रिया कुठल्या बाजूला झुकेल हे कोणता पदार्थ किती आहे यावर ठरते, हे त्याने तिथे ओळखले. गुल्डबर्ग आणि वागे यांनी १८६४ मध्ये त्याला गणित दिले. पुढे भारतातच स्थायिक झालेल्या जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९३० मध्ये विकराच्या जाण्यायेण्याच्या वेगांचे समतोलाशी असलेले नाते सूत्रात मांडले.

विकर समतोल हलवत नाही. खंडाळ्याच्या घाटात बोगदा पाडला की जाणारी आणि येणारी, दोन्ही वाहने लवकर पोचतात, तसेच हे. स्नायूंत वायू दाटलेला असतो, तिथे बायकार्बोनेट बनते. फुप्फुसात वायू निसटत असतो, तिथे तेच विकर बायकार्बोनेट मोडते. त्याला स्वतःची दिशा असती, तर फुप्फुसासाठी दुसरे विकर लागले असते.

खापरखेड्याच्या औष्णिक वीज प्रकल्पाची क्षमता १३४० मेगावॉट. दगडी कोळसा जळतो, म्हणजे हाच वायू धुराड्यातून वर जातो. तो धरून ठेवता यावा म्हणून नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी हेच विकर कायटोसॅनवर बसवून पाहिले आहे. कायटोसॅन कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळते. विकर वायूचे झपाट्याने बायकार्बोनेट करते, पण ते तिथेच साचले तर समतोल येतो आणि पुढचा वायू विरघळायचा थांबतो. म्हणून कॅल्शियम घालून त्याचा चुनखडीसारखा साका खाली बसवावा लागतो. शिवाय धुराड्यातल्या वायूची उष्णता साध्या विकराला सोसत नाही. त्यासाठी उष्णता सोसणाऱ्या जिवाणूंकडची विकरे शोधली जात आहेत.