उपनदी कोणाची? टाव नदीच्या खोऱ्यातील नावे आणि क्रमांक

उपनदी म्हणजे काय, असा प्रश्न भूगोलाच्या तासाला विचारला, की ‘मुख्य नदीला येऊन मिळणारी लहान नदी’ हे उत्तर वर्गातून लगेच येते. परीक्षेपुरते ते पुरेसे असते. परंतु एखादा चौकस विद्यार्थी पुढे विचारू शकतो, की दोन प्रवाह एकत्र आले तर त्यांतला मुख्य कोणता, हे ठरवायचे कोणी? लांबीवरून ठरवायचे, पाण्यावरून ठरवायचे, की पूर्वी कोणीतरी नाव देऊन टाकले म्हणून तेच धरायचे? हा प्रश्न दिसतो तितका बालिश नाही. शास्त्रज्ञांनाही त्याने बराच काळ अडवून ठेवले होते. त्याचा इतिहास पाहण्यासाठी ब्रिटनच्या पश्चिमेकडील वेल्स या डोंगराळ देशातील एक लहानशी नदी आपल्याला उपयोगी पडेल.

या नदीचे नाव टाव. इंग्रजीत तिला टॅफ म्हणतात. ब्रेकन बीकन्स या डोंगररांगेत ती उगम पावते आणि सुमारे ६४ किलोमीटर वाहत जाऊन कार्डिफ येथे समुद्राला मिळते. कार्डिफच्या वेल्श नावाचा मूळ अर्थ ‘टाववरचा किल्ला’ असा आहे, आणि शेजारच्या लँडाफचा अर्थ ‘टाववरचे चर्च’. म्हणजे गावांनी नदीचे नाव घेतले आहे. वेल्समध्ये असे जागोजागी झालेले दिसते आणि त्यातून नदीनाल्यांची एक जुनी नोंदवहीच तयार झाली आहे. ती वाचायची असेल तर चार-सहा वेल्श शब्द माहीत हवेत.

नावांची नोंदवही

वेल्श भाषेत नदीला ‘अवॉन’ म्हणतात. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या अनेक नद्या आहेत, त्या याच जुन्या कुळातल्या शब्दावरून. बाहेरून आलेल्या सॅक्सन लोकांनी स्थानिकांच्या तोंडचे सामान्यनाम हेच विशेषनाम समजून उचलले. त्यामुळे ‘एव्हन नदी’ याचा अर्थ ‘नदी नदी’ एवढाच होतो. ओढ्याला वेल्शमध्ये ‘नांट’ म्हणतात आणि खोऱ्याच्या माथ्याला ‘ब्लाइन’.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे शब्द दोन. ‘अबेर’ म्हणजे नदीचे मुख. ते समुद्राला मिळो की दुसऱ्या नदीला. अबेरनंतर जे नाव येते ते तेथे संपणाऱ्या नदीचे असते. टावच्या खोऱ्यात अबेरकनॉन नावाचे गाव आहे. तेथे कनॉन नदी टावला मिळते. कनॉनच्या काठाने वर गेले की अबेरडार लागते; तेथे डार हा प्रवाह कनॉनला मिळतो. नकाशा न उघडता, केवळ दोन गावांच्या नावांवरून, डार ही कनॉनची उपनदी आणि कनॉन ही टावची उपनदी, असा क्रम आपल्याला कळतो.

दुसरा शब्द ‘कमर’, म्हणजे संगम. अबेरमध्ये कोण कोणात संपले हे सांगितलेले असते. कमरमध्ये फक्त दोन प्रवाह भेटले एवढेच असते. मर्थर टिडव्हिल या गावाच्या उत्तरेस टावचे दोन फाटे एकत्र येतात. त्या वस्तीच्या नावातच कमर आहे. पूर्ण नावाचा अर्थ ‘संगमावरच्या वनाचा कणा’ असा होईल. या दोन फाट्यांपैकी एकाला ‘टाव वाउर’ म्हणजे थोरली टाव म्हणतात आणि दुसऱ्याला ‘टाव वेखन’ म्हणजे धाकटी टाव. थोरली-धाकटी असा भेद केला खरा, पण टाव हे नाव दोघींनाही दिले. खाली पॉन्टप्रीद येथे टावला मिळणाऱ्या ऱ्होंदा नदीचीही गोष्ट तशीच. ऱ्होंदा वाउर आणि ऱ्होंदा वाख या दोघी पोर्थ येथे भेटतात आणि तेथून पुढे नुसती ऱ्होंदा वाहते.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. कमरपाशी लोकांनी दोघींपैकी एकीला मुख्य ठरवण्याचे टाळले. मात्र पॉन्टप्रीदपाशी ऱ्होंदाचे नाव संपवून टावचे पुढे चालू ठेवले. दोन्ही ठिकाणी पाणी एकाच नियमाने वाहते आहे, नाव देण्याचा नियम मात्र वेगळा आहे. नाव हे काठावर राहणाऱ्यांच्या सोयीने आणि सवयीने पडते. ते चुकीचे नसते, पण त्यावरून दोन नद्यांची तुलना करता येत नाही.

नावाकडून क्रमांकाकडे

नद्यांच्या जाळ्यात काही नियम असला पाहिजे, हे स्कॉटिश गणिती जॉन प्लेफेअर यांनी १८०२ साली दाखवले. आपले मित्र जेम्स हटन यांचा भूविज्ञानातील सिद्धान्त समजावून सांगताना त्यांनी एक साधे निरीक्षण मांडले. लहान दऱ्या मोठ्या दरीला बहुधा नेमक्या तिच्या तळाच्या पातळीवर येऊन मिळतात. दऱ्या भूकंपासारख्या एखाद्या उत्पातात फाटून तयार झाल्या असत्या, तर असा मेळ जागोजाग जमला नसता. तेव्हा दऱ्या नद्यांनीच कोरल्या आहेत आणि प्रत्येक दरीचा आकार तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याशी जुळता आहे. म्हणजे नदीचे झाड निसर्गाने घडवलेले असते. त्याच्या फांद्या मोजून काही हाती लागण्याची शक्यता असते.

पण मोजायला सुरुवात कोठून करायची? जर्मन जलवैज्ञानिक हॅरी ग्रावेलियस यांनी १९१४ साली दिलेली पद्धत मुखाकडून सुरू होते. समुद्राला मिळणारी मुख्य नदी पहिल्या श्रेणीची, तिची उपनदी दुसऱ्या, उपनदीची उपनदी तिसऱ्या श्रेणीची. या हिशेबाने टाव १, कनॉन २ आणि डार ३. अबेरकनॉन आणि अबेरडार ही गावे सांगतात तोच हा क्रम. ग्रावेलियस यांनी लोकांच्या नावांनाच आकडे दिले असे म्हणता येईल. अडचण अशी, की समुद्राला मिळणारा अर्ध्या किलोमीटरचा ओहोळही पहिल्या श्रेणीचा आणि ॲमेझॉनही पहिल्या श्रेणीची. शिवाय डोंगरावरच्या झऱ्याचा क्रमांक किती, हे तो झरा कसा आहे यापेक्षा तो समुद्रापासून किती संगम दूर आहे यावर ठरते.

अमेरिकन अभियंता रॉबर्ट हॉर्टन यांनी हा क्रम उलटा केला. मार्च १९४५ मध्ये अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेच्या पत्रिकेत त्यांचा प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांनी सुरुवात केली माथ्याकडून. ज्या प्रवाहाला एकही फाटा येऊन मिळत नाही, तो पहिल्या श्रेणीचा. मात्र मुख्य नदी उगमापर्यंत एकच असावी, हा जुना विचार त्यांनाही सोडवला नाही. म्हणून सर्व क्रमांक देऊन झाले, की ते मुखाकडून पुन्हा वर जात आणि मुख्य प्रवाहाला उगमापर्यंत तोच मोठा क्रमांक देत. दोन फाट्यांतला मुख्य कोणता? खालच्या प्रवाहाची दिशा सरळ वर वाढवावी; जो अधिक कोन करून मिळतो तो उपप्रवाह. कोन सारखेच असतील तर जो आखूड तो उपप्रवाह. म्हणजे थोरली-धाकटीचा निवाडा येथेही करावाच लागे.

कोलंबिया विद्यापीठातील आर्थर स्ट्रॅहलर यांनी १९५२ साली हा शेवटचा निवाडाच काढून टाकला. त्यांचे नियम तीन: फाटा नसलेला प्रत्येक प्रवाह पहिल्या श्रेणीचा, समान श्रेणीचे दोन प्रवाह मिळाले की पुढची श्रेणी सुरू होते, असमान श्रेणीचे मिळाले तर मोठी श्रेणी तशीच राहते. दोन पहिले मिळून एक दुसरा, दोन दुसरे मिळून एक तिसरा. पण दुसऱ्याला पहिला मिळाला तर दुसराच. कोण कोणाची उपनदी हा प्रश्न येथे उरतच नाही. आज सर्वत्र हीच पद्धत अधिक वापरली जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका खोऱ्यात पहिल्या श्रेणीचे ४५, दुसऱ्याचे ११, तिसऱ्याचे ३ आणि चौथ्याचा १ प्रवाह आहे. लगतच्या संख्यांचा भागाकार केला तर ४.१, ३.७ आणि ३ अशी गुणोत्तरे मिळतात. यांना द्विभाजन गुणोत्तर म्हणतात. हॉर्टन यांना आढळलेली मुख्य गोष्ट हीच, की नैसर्गिक खोऱ्यांत हे गुणोत्तर बहुतेक वेळा ३ ते ५ च्या दरम्यान राहते; देश कोणताही असो.

या पद्धतीतही एक उणीव होती. मोठ्या प्रवाहाला वाटेत कितीही लहान ओहोळ मिळाले तरी श्रेणी बदलत नाही. त्यांचे पाणी हिशेबात येत नाही. १९६६ साली रोनाल्ड श्रीव्ह यांनी प्रत्येक उगमाला १ धरून सरळ बेरीज करावी असे सुचवले. वरच्या उदाहरणात मुखाशी नदीचे मान ४५ येईल, कारण तिला ४५ उगमांचे पाणी मिळते.

डोंगरावरचे झरे

हे सारे कागदावरचे गणित वाटेल. म्हणून त्याच १९६६ सालातील, त्याच टाव नदीच्या काठची एक घटना येथे सांगणे आवश्यक आहे. मर्थर टिडव्हिलच्या खाली काही किलोमीटरवर अबेरवॅन नावाचे खाणकामगारांचे गाव आहे. आता या नावाचा अर्थ आपल्याला लावता येईल: वॅन नावाचा ओढा जेथे टावला मिळतो ते ठिकाण.

या भागातील दऱ्या अरुंद आहेत. तळाशी नदी, रेल्वे, खाण आणि घरे यांनीच जागा व्यापली. म्हणून कोळशाबरोबर निघणारा दगडमातीचा निरुपयोगी माल वर डोंगरउतारावर नेऊन टाकत. अबेरवॅनच्या वर असे सात ढिगारे झाले होते. १९५८ साली सुरू केलेल्या सातव्या ढिगाऱ्याचा काही भाग जेथे जमिनीतून झरे निघतात तेथेच रचला गेला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी, अनेक दिवसांच्या पावसानंतर, सकाळी सव्वानऊच्या सुमारास तो पाण्याने भिजलेला ढिगारा चिखल होऊन खाली आला. शाळा नुकतीच भरली होती. पँटग्लास प्राथमिक शाळेचा मोठा भाग आणि शेजारची घरे गाडली गेली. एकूण १४४ माणसे मरण पावली. त्यांत ११६ मुले होती. शाळेत मरण पावलेल्यांत पाच शिक्षक होते.

चौकशी न्यायाधिकरणाने १९६७ साली राष्ट्रीय कोळसा मंडळाला जबाबदार धरले. चौकशीत स्पष्ट झालेली एक गोष्ट आपल्या विषयाशी थेट संबंधित आहे. ते झरे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. गावकऱ्यांना ते माहीत होते आणि सरकारी नकाशांवर १८७४ पासून ते दाखवलेले होते. १९६९ साली खाणींच्या ढिगाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी ब्रिटनमध्ये वेगळा कायदा झाला.

प्रवाहांना क्रमांक दिले असते तर ही आपत्ती टळली असती, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. दोष श्रेणीच्या पद्धतीचा नव्हता. समोर असलेली माहिती न पाहणाऱ्यांचा होता. पण आपली नजर कोठून सुरू होते याला महत्त्व आहेच. मुखाकडून पाहिले की टाव पहिली दिसते आणि डोंगरावरचा झरा यादीच्या अगदी शेवटी, बहुधा नावाशिवाय येतो. माथ्याकडून पाहिले की मोजणी त्या झऱ्यापासूनच सुरू करावी लागते. त्याला वगळून पुढचा एकही आकडा बरोबर येत नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

आपल्या भागाचा भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवावा. त्यावर पारदर्शक कागद ठेवून एका लहान खोऱ्यातील सर्व निळ्या रेषा विद्यार्थ्यांकडून गिरवून घ्याव्यात. कोरडे पडणारे ओढेही सोडू नयेत. मग स्ट्रॅहलरच्या नियमांनी श्रेणी द्याव्यात, प्रत्येक श्रेणीचे प्रवाह मोजावेत आणि गुणोत्तरे काढावीत. ती ३ ते ५ च्या बाहेर गेली तर का गेली, यावर चर्चा करावी. फार लहान खोऱ्यात असे होऊ शकते.

नंतर त्याच खोऱ्यात प्रत्यक्ष फिरून यावे. नकाशात नसलेले ओहोळ हमखास सापडतील आणि त्यांची भर घातली की कित्येक प्रवाहांची श्रेणी बदलेल. श्रेणी ही नकाशाच्या प्रमाणावर अवलंबून असते, हा धडा पुस्तकापेक्षा येथे चांगला समजतो. जाताना गावातील वृद्धांना प्रत्येक ओढ्याचे नाव विचारून ते नकाशावर लिहून घ्यावे. कोणता ओढा बुजवून त्यावर काय बांधले आहे, हेही विचारावे आणि त्याची नोंद करावी.