कृष्णलीलेचे दोन चित्रपट

नाशिक जिल्ह्यांतील हरसूल आणि त्याच्या आसपासचा डोंगरी मुलूख बोहाड्यासाठीं प्रसिद्ध आहे. होळीनंतरच्या रात्रीं संबळाच्या तालावर एकामागून एक सोंगें येतात. मुखवटे चढविलेले देव आणि दैत्य मशालींच्या उजेडांत झुंजतात, आणि दैत्याचा पाडाव झाला कीं पुढील सोंगाला वाट मोकळी होते. कथा सर्वांना पाठ असते. तरीहि लोक रात्रभर जागतात. परिचित कथेंत नवें काय दाखवावें, हा प्रश्न या खेळाइतकाच चित्रपटालाहि पडलेला आहे.

हरसूलच्याच तालुक्याचें ठिकाण असलेल्या त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९१३ सालचा. पुढें १९१८ सालीं त्यांनीं ‘श्रीकृष्णजन्म’ काढला आणि लगेच १९१९ सालीं ‘कालियामर्दन’. नायक एकच आणि कथाहि एकच. परंतु या दोहोंची मांडणी निराळी आहे.

प्रथम युद्धाचा विचार करावा. पहिल्या चित्रपटांतील झुंज कंसाच्या मनांत चालते. त्याला चोहोंकडे बाळकृष्ण दिसूं लागतात, आणि स्वतःचें मस्तक धडावेगळें झाल्याचा भास होतो. ही सारी छायाचित्रणाची किमया होय. दुसऱ्यांत मात्र एक मूल खरोखर यमुनेंत उडी घेतें आणि पाण्याखालीं सर्पाशीं झगडतें. कांठावर यशोदा व गोकुळवासी आकांत करितात. पहिल्या वेळीं भय होतें तें दुष्टाला. दुसऱ्या वेळीं तें आईला आहे.

कथारचनेंतहि हाच फरक पडला आहे. ‘श्रीकृष्णजन्मां’त भक्तांना दर्शन घडविण्यावर भर आहे. ‘कालियामर्दनां’त लोणी चोरणारा व शेजाऱ्यांच्या खोड्या काढणारा मुलगा आधीं ओळखीचा होतो, आणि मगच संकट येतें. त्यामुळें त्याच्या जिवाचा घोर प्रेक्षकालाहि लागतो.

उरलें नेपथ्य. फाळके यांनीं लोणावळ्यास रविवर्म्याच्या छापखान्यांत काम केलें होतें. मुकुट, अलंकार आणि देवमूर्तींची ठेवण यांत त्या चित्रांची छाप दिसते. परंतु ‘कालियामर्दना’च्या आरंभीं त्यांनीं आपली लहान कन्या मंदाकिनी हिचा नुसता चेहरा पडद्यावर आणून त्यावरील राग, हर्ष, रुदन असे भाव दाखविले. तीच पुढें कृष्ण होते. मुकुटाआडचें मूल आधीं दाखविण्याचें हें धाडस मोठें होय.

दुसरा भाग सरस ठरला, तो चमत्कार वाढल्यामुळें नव्हे, तर चमत्काराला माया जोडल्यामुळें.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजीं फाळके नाशिक येथें वारले. त्यांच्या बहुतेक चित्रफिती नष्ट झाल्या. ‘कालियामर्दना’चा बराच भाग वांचला, ‘श्रीकृष्णजन्मा’चे मात्र कांहीं शें फूटच उरले. बोहाड्याचा मुखवटा झिजला तर त्यावर पुन्हां कागद व रंग चढवितां येतो, आणि खेळ पुढच्या वर्षीं उभा राहतो. चित्रफीत एकदां गेली कीं तिचें सोंग पुन्हां कोणालाच घेतां येत नाहीं. म्हणून जें उरलें आहे, तें जपणें हेंच त्र्यंबकच्या या कलावंताचें खरें स्मारक होय.