मेणबत्ती, पुदिना आणि बंद खोली

‘हवा’ हा शब्द मराठीत अरबीतून आला आणि इथलाच होऊन राहिला. वारा तो हवा आणि पाहिजे तोही हवा, असे दोन अर्थ एकाच उच्चारात सुखाने नांदतात. झाडाला कोणती हवा हवी असते, हे उमगायला मात्र माणसाला दीडशे वर्षे लागली.

सतराव्या शतकात ब्रुसेल्सकडे फान हेल्मोंट नावाचे वैद्य होते. त्यांनी २०० पौंड वाळवलेली माती मोठ्या कुंडीत भरली, तीत ५ पौंडांचे विलोचे रोप लावले आणि पाच वर्षे फक्त पाणी घातले. झाड भरले १६९ पौंडांचे. माती घटली जेमतेम २ औंस. झाड पाण्यानेच वाढले, असे त्यांनी ठरवले. गंमत अशी, की ६२ पौंड कोळसा जाळला तर एकच पौंड राख उरते, मग बाकीचे गेले कुठे, हाही विचार याच गृहस्थांनी केला. त्या निसटलेल्या पदार्थाला त्यांनी नाव दिले ‘गॅस’. त्यांच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये हे सारे पुस्तकरूपाने आले. बारसे ज्याने केले, त्यालाच ते बाळ समोरच्या झाडात ओळखता आले नाही!

पुढचा माणूस म्हणजे जोसेफ प्रिस्टली. इंग्लंडमधल्या लीड्स गावचे धर्मोपदेशक, राहायला बिअरच्या भट्टीशेजारी. आंबणाऱ्या पिंपांवर साचलेल्या हवेत पेटती काडी विझते, हे त्यांनी पाहिले. याच नादातून सोडावॉटर जन्मले. १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या बंदिस्त हवेत पुदिन्याची काडी ठेवली. दहा दिवसांनी त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळली. पण प्रयोग कधी साधे, कधी फसे. का, ते १७७९ मध्ये इंगेनहौझ या डच डॉक्टरांनी सांगितले: काम हिरवी पाने करतात, तेही उजेडात, अंधारात तीच पाने आपल्यासारखी हवा बिघडवतात.

मला या कथेचा खरा नायक वाटतो तो जिनिव्हाचा द सोस्यूर. १८०४ च्या त्याच्या ग्रंथात वाटाण्याच्या रोपांचे प्रयोग आहेत. हवेत बाराव्या हिश्शापर्यंत कार्बन डायऑक्साइड मिसळला, तर उन्हातली रोपे साध्या हवेतल्यांपेक्षा जोमाने वाढली. सावलीतल्या रोपांना मात्र जादा वायूने अपायच केला. वायू खत आहे खरा, पण प्रकाशाच्या अटीवर. ही अट लोक आजही विसरतात.

व्यवहारात ही विद्या नेली डचांनी. १९५९ मध्ये ग्रोनिंगेन प्रांतात नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. टोमॅटो-काकडीची काचघरे त्यावर तापू लागली आणि धूर इतका स्वच्छ, की तोच पिकात सोडता आला. उन्हाळ्यात पंचाईत झाली: ऊब नको, धूर हवा. मग दिवसा वायू जाळून धूर पिकाला द्यायचा, गरम झालेले पाणी टाक्यांत साठवायचे आणि ती ऊब रात्री वापरायची, असा तोडगा निघाला. २००५ पासून रॉटरडॅमजवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड एका पडीक तेलवाहिनीतून काचघरांपर्यंत जाऊ लागला. ग्रोनिंगेनचे वायुक्षेत्र भूकंपाच्या धक्क्यांमुळे २०२४ मध्ये कायमचे बंद झाले. धुराची गरज मात्र संपलेली नाही.

आता हेच तंत्र घरातल्या छोट्या खोलीत, दिव्यांखाली रोपे वाढवणाऱ्यांपर्यंत आले आहे. कोणी सिलिंडर आणतो, कोणी बाटलीत साखर आणि यीस्ट आंबवतो, म्हणजे प्रिस्टलींची भट्टीच घरी आणतो. बाहेरच्या हवेत दहा लाखांत साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो; काचघरवाले तो ८०० ते १,००० वर नेतात. दार-खिडक्या लावून दोन माणसे झोपली, की पहाटेपर्यंत खोलीतले प्रमाण हजारापलीकडे जाते. पण तेव्हा अंधार असतो, आणि कोपऱ्यातल्या कुंडीला त्याचा काडीचा उपयोग नसतो. दिवे मंद असतील तर वायूवर खर्च करणे फुकट. ऊस, मका, ज्वारी यांना तर भर उजेडातही फारसा फायदा नाही; पानात वायू गोळा करण्याची त्यांची स्वतःचीच सोय आहे.

आणि हिशेब पाहा. दहा घनमीटरच्या खोलीत ४०० चे हजार करायला अवघा ६ लिटर वायू लागतो, वजनाने ११ ग्रॅम. याच खोलीत सिलिंडरमधून दोन किलो वायू गळला, तर हवेचा दहावा हिस्सा तोच होतो आणि माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेहून जड म्हणून तो खाली साचतो. शेगडी पेटवून वायू करणे याहून वाईट, कारण अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो.

हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना प्रयोगशाळेविना ठाऊक होते. सांगलीजवळच्या हरिपुरात हळदीची पेवे असत. (‘पेव फुटले’ म्हणताना खरे पेव किती जणांनी पाहिलेले असते?) जमिनीखालच्या त्या कोठाराचे तोंड उघडले, की कोणी लगेच उतरत नसे. आधी वारा लागू देत, मग दोरीने कंदील खाली सोडत. तो विझला, तर आणखी थांबत.

खोलीतल्या बागेला मात्र कंदील पुरत नाही. ज्योत विझण्याइतकी हवा बिघडण्याच्या कितीतरी आधी माणसाचे डोके दुखू लागते, श्वास लागतो. तिथे गजराचे मीटर हवे, आणि त्यावरचा आकडा दाराबाहेरून वाचता यायला हवा.