घरी पूर्ण झालेले शालान्त वर्ष

आपल्या राज्याच्या शैक्षणिक इतिहासात २०२०-२१ च्या दहावीची स्वतंत्र नोंद करावी लागेल. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने शाळा बंद झाल्या. तेव्हा नववीत असलेल्या मुलांचे दहावीचे वर्ष बव्हंशी घरीच गेले. ज्या घरात एकच मोबाईल, तेथे तो आधी मुलाला द्यावा की मुलीला, हा प्रश्न उभा राहिला.

२९ एप्रिल २०२१ पासून होणारी लेखी परीक्षा रद्द झाली. मग १०० पैकी ५० गुण नववीच्या निकालावरून, ३० दहावीच्या लेखी चाचण्यांवरून व २० तोंडी, प्रात्यक्षिक व अंतर्गत मूल्यमापनावरून देण्यात आले. नववीची द्वितीय सत्र परीक्षाही रद्द झालेली असल्याने २०१९ मधील प्रथम सत्राचे गुण मोलाचे ठरले. १६ जुलै २०२१ रोजी ९९.९५ टक्के निकाल लागला.

या मुलांना ‘परीक्षेविना पास’ म्हणून हिणविणे अन्यायाचे होय. त्यांच्या गुणांमागे दोन वर्षांचा अभ्यास होता. विद्यार्थी मित्रहो, लहानशा चाचणीलाही क्षुल्लक मानू नका. आणि पालकहो, अभ्यासाची साधने वाटताना मुलीचा हक्क विसरू नका.